पंचगंगेत परका कोण?

कोल्हापुरात गोड्या पाण्यातला मासा घ्यायला गेलात तर पाटीत दिसणारी नावे हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी असतात : कटला, रोहू, मृगळ, चिलापी आणि सिप्रिनस. नशीब जोरावर असेल तर एखादी वाम, एखादी मरळ. यांतले पहिले तिघे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले. दख्खनच्या वरच्या पाण्यात ते माणसाने आणून सोडले. चिलापी आग्नेय आफ्रिकेतली. सिप्रिनस युरोप-आशियातला, आपल्याकडे सिलोन आणि बँकॉकमार्गे आलेला. म्हणजे पंचगंगेच्या काठावर बसून आपण कौतुकाने जो 'नदीतला मासा' खातो, तो बहुतेक वेळा या नदीचा नसतोच.

बाहेरून आलेल्या आणि इथे रुजलेल्या प्राण्यांचे काय करायचे, मूळच्या जाती वाचवण्यासाठी त्यांना आवरायचे का, प्रसंगी मारायचे का, हा प्रश्न जगभर गाजतो आहे. मराठीत त्याची चर्चा घाणेरी, जलपर्णी आणि अलीकडे चित्ता यांच्यापुढे फारशी गेलेली नाही. मासे पाण्याखाली असतात, त्यामुळे त्यांच्यातली उलथापालथ कुणाला दिसत नाही. मी काही प्राणिशास्त्राचा पदवीधर नव्हे. जुने गॅझेटिअर, शोधनिबंध आणि नदीवर जाळे टाकणारी माणसे हेच माझे विद्यापीठ. पण या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर पंचगंगेइतकी सोयीची जागा नाही, असे मला वाटते.

सुरुवात कायद्यापासून करू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. 'आक्रमक परकीय प्रजाती' ही संज्ञा या कायद्यात तेव्हा प्रथम आली. तिची व्याख्या साध्या शब्दांत अशी : जी प्राण्याची वा वनस्पतीची जात मूळची भारतातली नाही आणि जिच्या येण्याने किंवा पसरण्याने वन्यजीवांना अथवा त्यांच्या अधिवासाला धोका पोहोचू शकतो, ती. अशा जातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि फैलाव यांवर केंद्र सरकार बंधने घालू शकते, त्या जप्त करून नष्टही करू शकते. तरतूद चांगलीच आहे. पण 'भारतातली नाही' हे शब्द पुन्हा वाचावेत. या व्याख्येप्रमाणे चिलापी परकी ठरू शकते, रोहू कधीच ठरू शकत नाही. माशाला मात्र भारत नावाचा देश माहीत नाही. त्याला माहीत आहे ते खोरे. पंचगंगेतल्या माशाला कृष्णा ठाऊक आणि कृष्णेतून पोहोचता येईल तेवढे पाणी ठाऊक. त्याच्या दृष्टीने गंगा मोझांबिकइतकीच लांब आहे.

ही काही माझी एकट्याची तक्रार नव्हे. जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार १९९२चा, भारताने तो १९९४ मध्ये मान्य केला. त्या कराराखाली २००२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे ठरली, त्यांत परक्या जातीची व्याख्या 'तिच्या नैसर्गिक वावराच्या क्षेत्राबाहेर नेलेली' अशी आहे. तिथे देशाचे नाव नाही. आपण कायदा करताना क्षेत्राच्या जागी देश घातला आणि प्रश्नाचा अर्धा भाग कागदावरून नाहीसा झाला.

आता या नद्यांत मूळचे कोण होते ते पाहू. मुंबई सरकारच्या चाकरीत असलेल्या कर्नल विल्यम साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवरचा आपला निबंध १८३९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची एक सवय फार चांगली होती. मासेमारांनी सांगितलेले मराठी नाव तो ऐकू आले तसे लिहून घेई आणि तेच लॅटिन नावात बसवी. म्हणून आजही शास्त्रीय नावांत खुद्री, फुलंगी, बोगट, रोहटी असे शब्द सापडतात. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत दख्खनच्या महाशीराचे नाव घ्यायचे तर 'खुद्री' म्हणावे लागते. आपल्या बाजारात मात्र ती नावे उरलेली नाहीत, कारण ते मासे पाटीत येत नाहीत. भाषेतून शब्द का जातात यावर आपण परिसंवाद घेतो. त्यात कधीतरी एखाद्या भोयालाही बोलवावे.

बाहेरचे मासे कुणी वाईट हेतूने आणले नाहीत, हे आधी नीट सांगायला हवे. १९०८ मध्ये गप्पी आले, १९२८ मध्ये इटलीहून गॅम्बुसिया आले, दोन्हींचे पुढचे काम एकच : डासांच्या अळ्या खाणे. सिप्रिनस १९३९ मध्ये सिलोनहून निलगिरीत आला, त्याचा दुसरा वाण १९५७ मध्ये बँकॉकहून. चिलापी १९५२ मध्ये आली. १९५९ मध्ये चंदेरी मासा आणि गवत्या मासा. तारखांकडे पाहा : देश नवा, पोटे उपाशी, धरणे बांधून होत आलेली आणि त्या पाण्यात प्रथिने पिकवायची घाई. त्याच ओघात गंगेकडच्या कटला-रोहूचे बीज देशभरच्या जलाशयांत पडू लागले. मत्स्यजिरे आणायचे, बोटुकली वाढवायची, ती धरणात सोडायची आणि तलाव मच्छीमार संस्थेला ठेक्याने द्यायचा, ही घडी महाराष्ट्रात इतकी पक्की बसली आहे की धरण म्हटले की कटला हे समीकरणच झाले. त्यावर हजारो घरे चालतात. हे विसरून जो 'परके मासे हटवा' म्हणतो त्याच्याशी माझे जमणार नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. चिलापीचेच घ्या. नर तळाच्या मातीत खळगा करतो, मादी अंडी तोंडात घेते आणि पिल्ले पोहायला लागेपर्यंत तोंडातच सांभाळते. त्यामुळे दुसऱ्या माशांच्या उघड्यावर पडलेल्या अंड्यांचे जे हाल होतात ते तिच्या अंड्यांचे होत नाहीत. ती वर्षातून अनेकदा विते, शेवाळ खाते, गाळ खाते, इतरांची अंडी-पिल्लेही खाते. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तग धरते. दाटी झाली तर खुरटते, पण बोटभर असतानाच वयात येते. त्या काळच्या मत्स्यसंशोधन समितीला धोका लवकर कळला आणि १९५९ मध्ये, म्हणजे आणल्यापासून सात वर्षांत, तिच्या प्रसारावर बंदी आली. तोवर ती हातातून सुटली होती. पुढे २००९ मध्ये सरकारनेच तिची नाईल नदीकडची बहीण, सुधारित वाणाची, अटी घालून शेततळ्यांत वाढवायला परवानगी दिली. गंमत अशी की जी मोझांबिकची चिलापी आपण उपद्रवी म्हणतो ती तिच्या मायदेशात आज संकटात आहे, आणि कारण हीच नाईलची चिलापी. तिकडेही माणसाने ती नद्यांत सोडली आणि दोघींचा संकर होत होत मूळची जात पुसली जाऊ लागली.

असे असूनही पंचगंगेतल्या मूळ माशांच्या दुर्दशेचे सगळे खापर चिलापीवर फोडणे मला पटत नाही. आपल्या जिल्ह्याने महाराष्ट्राला एक शोध दिला : कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा ओसरला की बरगे घालायचे, पुढच्या पावसाच्या आधी काढायचे. शेतीला यासारखे वरदान नाही. पण भोगावती, तुळशी, कुंभी, कासारीपासून थेट नृसिंहवाडीपर्यंत वाहती नदी यामुळे आठ महिने साचलेल्या डोहांची उतरंड होते. खुद्रीसारख्या माशाला वाहते पाणी आणि तळाशी खडे-गोटे लागतात. चिलापीला आणि सिप्रिनसला साचलेले, गाळाचे पाणी चालते, किंबहुना तेच हवे असते. त्यात शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांची मळी मिसळली. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी आता कुणाला चकित करत नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीने माणसे दगावली, तेव्हा काही दिवस नदी आठवली होती. अशा पाण्यातून उद्या जादूने सगळी चिलापी काढली, तरी तिथे फुलंगी परत येणार नाही. पुण्याच्या अभ्यासकांनी मुळा-मुठेतल्या माशांच्या जुन्या नोंदी ताज्या पाहणीशी ताडून २००३ मध्ये जो निबंध लिहिला, त्यातही बाहेरच्या माशांच्या जोडीला प्रदूषण आणि बेसुमार मासेमारी ही कारणे होतीच. घर पडके झाले म्हणून उंदीर शिरले, की उंदरांनी घर पोखरले? बहुतेक ठिकाणी दोन्ही खरे असते आणि कुठले किती हे जागेवर जाऊन पाहावे लागते.

आता या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारी हकीकत सांगतो. ती कोल्हापूरची नाही, पण तिचा नायक आपला आहे. दख्खनच्या नद्यांतून महाशीर कमी होत चालले म्हणून लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने खुद्रीची कृत्रिम पैदास सुरू केली. काम मोलाचे होते आणि नावाजलेही गेले. सत्तरच्या दशकापासून ही पिल्ले देशातल्या इतर नद्यांत पाठवली जाऊ लागली, त्यांत कर्नाटकातली कावेरीही होती. भावना अशी की महाशीर धोक्यात आहे, तर जिथे जमेल तिथे वाढवू. कावेरीत मात्र आधीपासून तिचा स्वतःचा महाशीर राहत होता : पाठीला कुबड असलेला, पन्नास किलोपर्यंत भरणारा, गळाने मासे धरणाऱ्या जगभरच्या शौकिनांना वेड लावणारा. तिथल्या शिबिरांत मासा धरून, मोजून परत सोडायची पद्धत होती आणि त्याची वही ठेवली जाई. अभ्यासकांनी १९९८ ते २०१२ पर्यंतच्या त्या वह्या चाळल्या तेव्हा चित्र स्पष्ट झाले. गळाला लागणाऱ्या खुद्रींची संख्या चढत गेली होती आणि कुबड्या महाशीराची लहान पिल्ले दिसेनाशी झाली होती. २०१८ मध्ये त्या माशाला त्याचे शास्त्रीय नाव पक्के मिळाले आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून लाल यादीत गेला.

म्हणजे आपण ज्याला वाचवायला निघालो तो आपला मासा दुसऱ्या खोऱ्यात जाऊन आक्रमक ठरला. नव्या कायद्याने त्याला हात लावता येत नाही, कारण तो शंभर टक्के भारतीय आहे. जगाला हे नवे नाही. आपले मुंगूस १८७२ मध्ये उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला जमैकात नेले, तिथे त्याने पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांचा फडशा पाडला. आपली साळुंकी ऑस्ट्रेलियात उपद्रवी पक्षी म्हणून पकडली जाते. परकेपणा जातीत नसतो, नात्यात असतो : कोण, कुठे, कुणाबरोबर.

कुणी विचारेल, मग चंदगड-आजऱ्यात येणारा हत्ती परका का? तोही बाहेरून आला, २००२च्या सुमारास कर्नाटकातून दोडामार्गात उतरला आणि मग इकडे. माझ्या मते नाही. तो स्वतःच्या पायांनी, जंगलाच्या सलग पट्ट्यातून आला. त्याने पिकांचे जे नुकसान केले ते खरे आहे आणि भरपाई वेळेवर मिळायला हवी, पण तो वेगळा प्रश्न आहे. चित्त्याचे उत्तर इतके सोपे नाही. कोल्हापूर संस्थानाला चित्त्याच्या शिकारीचा मोठा नाद. हिंदुस्थानातले चित्ते संपत आले तेव्हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर आणि भावनगर यांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. त्यांना सांभाळणारे चित्तेवान आपल्या गावाच्या आठवणीत अजून आहेत. ते चित्ते पाळीव होते, रानात वाढले नाहीत, म्हणून त्यांचा कुणाला उपद्रव झाला नाही. कुनोचे चित्ते रानासाठी आणले. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आफ्रिकेचा चित्ता आणण्याचा बेत रद्द ठरवला होता, जानेवारी २०२० मध्ये त्याच न्यायालयाने प्रयोगादाखल परवानगी दिली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून ८ चित्ते उतरले. परक्या जातींविरुद्धची दुरुस्ती संसदेत पूर्ण झाली तीही त्याच वर्षी, डिसेंबरात. मी चित्त्याच्या विरोधात नाही. पण चित्त्याला विमान आणि मांगुराला खड्डा, हा भेद कोणत्या तत्त्वावर हे कुणीतरी लिहून ठेवायला हवे.

मांगुराचा उल्लेख आला म्हणून मारण्याच्या प्रश्नाकडे वळतो. आफ्रिकी मांगूर हवेतून श्वास घेतो, मिळेल ते खातो, इतर मासे तर हमखास. केंद्राने त्याच्यावर २००० साली बंदी घातली. तरी त्याची चोरटी शेती फोफावली, कारण कत्तलखान्यातली घाण घातली तरी तो वाढतो. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बडगा उगारला आणि महाराष्ट्रात तळी रिकामी करून मासे नष्ट केले गेले. कारवाई योग्यच होती असे मी मानतो. मांगूर तळ्यात असतानाच त्याला धरता येते, एकदा पुराच्या पाण्याने नदीत गेला की विषय संपला. मात्र ज्या गरीब माणसाने कर्ज काढून तळे खणले होते त्याला दुसऱ्या माशाचे बीज हातात न देता तळे तोडणे, हा अर्धाच कायदा झाला.

परका मासा नदीत पसरल्यावर त्याच्याशी झुंज द्यायला गेलेल्यांचे अनुभव सावध करणारे आहेत. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९५०च्या दशकात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला. ऐंशीच्या दशकात तो भरमसाट वाढला आणि तिथल्याच असलेल्या सुमारे दोनशे छोट्या जाती दिसेनाशा झाल्या. पण त्याच माशाच्या निर्यातीवर सरोवराकाठचे लाखो लोक जगू लागले. आता तो काढा म्हणणार कोण? ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर पक्षी वाचवायला मांजरे मारली. मांजरे गेली, सशांवरचा रोगही निवळला, आणि सशांनी बेटावरचे गवत बोडके केले. शेवटी ससे, उंदीर, घुशी सगळेच एकदम काढले, तेव्हा २०१४ मध्ये बेट मोकळे झाले. ते शक्य झाले कारण ते बेट होते : चारही बाजूंना पाणी, पुन्हा कुणी येण्याची वाट बंद.

आपल्याकडे अशी बेटे आहेत का? आहेत, फक्त ती उलटी आहेत : चारही बाजूंना जमीन आणि मध्ये पाणी. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाच्या कुंडात राहणारा एक बोटभर लांबीचा मासा २०२० मध्ये विज्ञानाला नवा म्हणून जाहीर झाला. नाव पडले शिस्तुरा हिरण्यकेशी. लोक त्याला देवाचा मासा म्हणत आले आहेत. २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. हीच नदी पुढे आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला मिळते. त्या कुंडात एखाद्या भाविकाने पुण्य म्हणून किंवा एखाद्या कर्मचाऱ्याने डास नकोत म्हणून मूठभर गप्पी सोडले तर काय होईल? गप्पी पिल्लांनाच जन्म देतो, महिन्या-दीड महिन्याने पुन्हा देतो, आणि अळ्यांबरोबर इतरांची अंडी, इवली पिल्ले चाखतो. इथे थांबायला, समिती नेमायला वेळ नसतो. गप्पी दिसला की त्याच आठवड्यात बारीक जाळीने काढायचा, शेवटचा निघेपर्यंत. इथे मारणे मला पूर्ण मान्य आहे, कारण इथे ते काम खरोखर तडीस जाते.

राधानगरी अभयारण्यातले आणि आंब्याकडचे ओढे अशाच प्रकारचे. राधानगरी २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, पण वारसा म्हटला की आपल्याला गवा दिसतो. ओढ्यातल्या दगडाला पोटाने चिकटून राहणारे मासे, वाळूत शिरणाऱ्या मुऱ्या यांना कुणी मोजत नाही. धरणाच्या भिंतीने खालचे मासे वर यायचे थांबतात, हा धरणाचा एक अनपेक्षित उपकार आहे. पण आपणच धरणात बोटुकली टाकली तर तो उपकार फुकट गेला. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरणातून ओढ्यांत घुसतात आणि त्यांत कोण असावे हे आपण आधीच ठरवून टाकलेले असते.

म्हणून नियंत्रणाचा पहिला अर्थ मारणे नाही, ओतणे थांबवणे हा आहे. खालच्या पंचगंगेतल्या चिलापीच्या मागे सरकारी पैसा घालवू नये. ती लोकांनी धरावी, खावी, विकावी, आणि तेवढा पैसा सांडपाण्याच्या शुद्धीकरणाला लावावा. अभयारण्यातल्या व उगमाकडच्या पाण्यात मात्र बाहेरच्या कोणत्याही खोऱ्यातले बीज सोडू नये, मग तो मासा कितीही भारतीय असो. आरोग्य खात्याने गप्पी टाक्या, हौद आणि बंदिस्त डबकी यांपुरते ठेवावेत. ओढ्याकाठी पश्चिम घाटातलाच, कपाळावर चांदीचा ठिपका असलेला पट्टेरी मासा अळ्या खायला पुरेसा आहे. घरच्या काचपेटीतले कासव किंवा मासा नकोसा झाला की तो रंकाळ्यात नेऊन सोडायची रीत बंद व्हावी. तो भूतदयेचा प्रकार नाही.

राहिला प्रश्न पोटाचा. जे संस्थांचे सभासद धरणावर जगतात त्यांना 'कटला बंद' सांगून भागणार नाही. लोणावळ्याने खुद्रीची पैदास करून दाखवली ती पन्नास वर्षांपूर्वीच्या साधनांनी. कृष्णा खोऱ्यातल्याच मरळ, शिंगाळा आणि खुद्रीचे बीज कृष्णा खोऱ्यापुरते तयार करणे आज अवघड नसावे. सुरुवातीला उत्पन्न कमी येईल, आणि तेवढी तूट ठेक्याच्या रकमेतून वळती करता येईल. तलावाचे ठेके ठरावीक मुदतीने नव्याने होतातच. पुढच्या करारनाम्यात 'कोणते बीज, कोणत्या खोऱ्यातले' असा एक रकाना घालायला कायद्यात बदल करण्याचीही गरज नाही. मत्स्यव्यवसाय खात्याची सही तेवढी लागेल.